अमर अय्यारची जंबील

डोकं सुक्या नारळाएवढं. डोळे जिऱ्याच्या दाण्यासारखे, कान जर्दाळूसारखे, मान सुतासारखी बारीक आणि हातपाय दोरखंडासारखे लांबलचक. कमरेखालचं अंग कमरेवरच्या अंगाच्या दुप्पट. असा माणूस वीरकथेत आला तर त्याला फार तर द्वारपालाचं काम मिळेल. पण उर्दूतल्या सगळ्यात लांबलचक कथेचा खरा धनी हाच आहे. त्याचं नाव अमर अय्यार. कोणी त्याला उमरो म्हणतं, कोणी उमर. अरबीतलं मूळ नाव ‘अम्र’, पण आपल्याकडच्या जिभांवर ते ‘अमर’ होऊन बसलं. मराठी माणसाला ही गंमत लगेच कळावी, कारण दास्तान सांगते की या गड्याला तसा वरच मिळालेला आहे. तो स्वतःच्या तोंडाने तीनदा मरण मागेल तेव्हाच मरेल. आणि स्वतःहून काही देऊन टाकणाऱ्यांतला तो नाही, जीव तर नाहीच नाही.

रमजानच्या पानावर चोराची गोष्ट कशाला, असं कोणाला वाटेल. पण रमजानच्या रात्री आणि लबाडांच्या गोष्टी यांचं नातं जुनं आहे. इस्तंबूलमध्ये इफ्तार आणि नमाज आटोपली की लोक कॉफीच्या दुकानांत जमायचे आणि पडद्यामागच्या दिव्याच्या उजेडात कारागोझ नावाच्या एका अडाणी, तोंडाळ, सदा भुकेल्या बहाद्दराचा बाहुल्यांचा खेळ बघायचे. शब-ए-कद्रची रात्र सोडली तर रोज रात्री नवा खेळ. दिवसभर पोट आणि जीभ लगामात ठेवलेल्या माणसाला रात्री एखाद्या बेलगाम माणसाकडे बघून हसावंसं वाटतं, यात नवल काय!

आपल्या मुलखात त्या बेलगाम माणसाचं नाव अमर अय्यार.

आधी दास्तान म्हणजे काय ते थोडक्यात. हजरत हमजा हे पैगंबरसाहेबांचे काका. बद्रची लढाई हिजरी दोनच्या रमजानमध्ये, सतरा तारखेला झाली. तिच्यात ते लढले आणि पुढच्याच वर्षी, इसवी सन ६२५ मध्ये, उहुदच्या लढाईत शहीद झाले. हा इतिहास. पण इराणात आणि मग हिंदुस्थानात गोष्टी सांगणाऱ्यांनी हमजा हे नाव घेतलं आणि त्याच्याभोवती असं काही रचत गेले, की इतिहास बिचारा दाराबाहेर चपला सांभाळत बसला. दास्तानीतला अमीर हमजा इराणच्या बादशहाच्या दरबारात जातो, परीराज्यात अडकतो, देवांशी लढतो. हे ‘देव’ म्हणजे आपले देव नव्हेत, फारसीतले राक्षस. अमरचंही तसंच. अम्र बिन उमय्या नावाचे एक सहाबी खरोखर होऊन गेले. पैगंबरसाहेबांचे दूत म्हणून ते हबशाच्या राजाकडे गेले होते. त्यांचं फक्त नाव दास्तानीने उचललं. बाकीचा माणूस दास्तानगोंचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यांचा. आपल्या घरी कोणी ही गोष्ट धर्मग्रंथ म्हणून ऐकली नाही. रामायण ऐकणं आणि वग बघणं यातला फरक जसा खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतो, तसंच हे.

आता त्याचा जन्म. इराणच्या बादशहाचा शहाणा वजीर बुजुर्जमेहर मक्केत येतो. जग जिंकणारा मुलगा इथे जन्मणार असं त्याने ताऱ्यांत वाचलेलं असतं. आज जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या बापाला सोनं मिळेल, अशी दवंडी पिटली जाते. उमय्या नावाचा एक उंटवाला ते ऐकून धावत घरी जातो आणि पोटुशा बायकोला म्हणतो, आत्ताच्या आत्ता बाळंत हो. दिवस भरलेले नसतात. ती नाही म्हणते, तर हा लाथ घालतो. मूल जन्मतं, आई मरते. उमय्या ते मूल उचलून बक्षीस घ्यायला धावतो.

दास्तानगो हा प्रसंग हसत हसत सांगतो, पण मला तो कधी हसण्यावारी नेता आला नाही. कथेतल्या सगळ्यात मोठ्या लोभी माणसाचा जन्मच दुसऱ्याच्या लोभातून झाला, आणि त्याची किंमत त्याच्या आईने मोजली. गोष्ट यावर काही भाष्य करत नाही. ती पुढे जाते. वजीर बाळाला हातात घेतो आणि थोड्या वेळाने बघतो तर बोटातली अंगठी गायब. ती सापडते बाळाच्या तोंडात. वजीर हसतो आणि भाकीत करतो, हा अय्यारांचा बादशहा होणार. पुढे हमजा आणि अमर एकाच दाईचं दूध पितात आणि त्यातही अमर हमजाचा वाटा ढापतो. हमजा सुकत जातो, अमर गुबगुबीत होतो. म्हणून ते दूधभाऊ, आणि म्हणूनच पुढे आयुष्यभर एकमेकांपासून सुटत नाहीत.

अय्यार म्हणजे कोण? हिंदीत त्याला ‘ऐयार’ म्हणतात. चाळिशी उलटलेल्या वाचकांना नव्वदीतली दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’ आठवत असेल, क्रूरसिंहाचं ते ‘यक्कू’ही कानात असेल. देवकीनंदन खत्री यांची मूळ हिंदी कादंबरी १८८८ची. तिच्यातले वेष पालटणारे, बेशुद्धीची पूड हुंगवणारे, बटवा बाळगणारे ऐयार हे याच दास्तानीचे वारसदार. आपल्या भाषेत सांगायचं तर बहुरूपी, हेर, जादूगार, भुरटा चोर आणि तमाशातला सोंगाड्या हे पाचही एका अंगरख्यात कोंबले की अय्यार होतो. त्यातल्या सोंगाड्यावर मी जरा जास्त भर देईन. गणगौळण संपून वग सुरू झाला की सिंहासनावर राजा बसतो खरा, पण पब्लिक वाट बघतं ती सोंगाड्याची. दास्तानीत हमजा राजा आहे. शूर, दिलदार, शब्दाचा पक्का. त्याला इस्म-ए-आझम ठाऊक आहे, म्हणजे अल्लाहचं असं नाव की ज्यापुढे जादू चालत नाही. पण त्याच्या पायात नियमांच्या बेड्या आहेत. तो आधी वार करत नाही. पळणाऱ्याचा पाठलाग करत नाही. शरण आलेल्याला मारत नाही. खोटं तर बोलतच नाही. मग समोरचा शत्रू जादूगार असेल, रूप बदलत असेल, झोपेत गळा कापत असेल, तर काय करायचं?

मग अमरला हाक मारायची.

हीच या कथेची खरी मेख आहे असं मला वाटतं. दास्तानगोंना ठाऊक होतं की नुसत्या सज्जनाने लढाई जिंकता येत नाही, आणि नुसत्या लबाडाने जिंकली तर ती जिंकण्यालायक राहत नाही. म्हणून त्यांनी दोघांना एकाच दाईच्या मांडीवर ठेवलं. हमजा अमरला रागावतो, समजावतो, कधी हाकलूनही देतो, आणि चौथ्या दिवशी त्याच्यावाचून खोळंबतो.

बरं, अमरला ही सारी हत्यारं कोणी दिली? इथे दास्तानीचं धाडस बघा. ती त्याला पैगंबरांकडून मिळाली. हजरत आदमच्या नावाची जंबील, म्हणजे झोळी. हजरत इलियासच्या नावाचं जाळं, ज्यात काहीही गुंडाळता येतं. पांघरली की माणूस दिसेनासा होतो अशी गिलीम, म्हणजे घोंगडी. आणि हजरत दाऊदच्या सुरांची देणगी, की हा गाऊ लागला म्हणजे शत्रूच्या छावणीतही माना डोलाव्यात. इतकी पवित्र नावं आणि ती कोणाच्या खांद्यावर? जन्मल्या जन्मल्या अंगठी चोरणाऱ्याच्या! शेकडो वर्षं मुसलमान घरांत, सरदारांच्या हवेल्यांत आणि मशिदीच्या पायऱ्यांवरही ही गोष्ट सांगितली गेली आणि लोक पोट धरून हसले. श्रद्धा इतकी आत मुरलेली होती की तिला हसण्याची भीती वाटत नव्हती. आज आपण सगळेच, कुठल्याही धर्माचे असू, हसायच्या आधी इकडेतिकडे बघून घेतो. म्हणून तर मला हा उंटवाल्याचा पोर आठवत राहतो.

जंबीलविषयी सांगायचं तर पान पुरणार नाही. ती खांद्याला अडकवलेली साधी झोळी आहे, पण तिच्यात काय नाही? शहरं आहेत, बागा आहेत, पकडलेले कैदी आहेत. अमरला पाहिजे ते तो तिच्यातून काढतो आणि दिसेल ते तिच्यात टाकतो. जादूगाराला मारलं की आधी त्याचे दागिने, मग कपडे, मग तंबू, मग गालिचा. इलियासचं जाळं टाकायचं आणि सगळं ओढून आत. एवढं करून हमजापुढे उभं राहिल्यावर तोंड लांब करून सांगायचं, की हुजूर, या मोहिमेत तर खर्चच झाला, वर कर्ज काढावं लागलं. आपल्यातल्या प्रत्येकाला असा एक तरी नातेवाईक आहे.

आमच्या घरात ही गोष्ट नानीकडून आली. सहरीच्या आधी आम्हा पोरांना जागं करणं हे तिचं काम, आणि तिने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे आदल्या रात्री तरावीहनंतर गोष्ट अर्ध्यावर तोडणं. अमर जादूगाराच्या तंबूत बाईच्या वेषात शिरलाय, दारूत बेशुद्धीची पूड मिसळलीय, जादूगाराने पेला ओठाला लावलाय... आता उरलेलं सहरीला. जो उठेल त्याला. एकदा धाकट्या भावाने विचारलं, “नानी, चोर जन्नत में जाएगा क्या?” नानी भाकरी थापता थापता म्हणाली, “चोर नै वो, अय्यार है. चोर अपने वास्ते चुराता, अय्यार लश्कर के वास्ते.” भाऊ म्हणाला, “फिर सब झोली में कायको डालता?” यावर नानीने त्याच्या हातात दुधाचा पेला दिला आणि अजान व्हायला किती वेळ उरलाय ते बघायला पिटाळलं. तो प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही.

या दास्तानीचा सगळ्यात मोठा आणि गाजलेला भाग म्हणजे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेली दुनिया. होशरुबा म्हणजे शुद्ध हरपून टाकणारी. तिचा बादशहा अफरासियाब. त्याच्या राज्याचे तीन भाग आहेत, एक दिसणारा, एक लपलेला आणि एक अंधाराचा. मधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर धुराचा पूल आहे. अफरासियाबकडे सामरीची किताब आहे. ती उघडली की कुठे काय चाललंय ते कळतं. म्हणजे आजच्या भाषेत सगळीकडे कॅमेरे बसवलेला राजा. अशा सर्वज्ञ राज्यात अमर आणि त्याचे चार साथीदार शिरतात, आणि त्या चौघांत एकाचं नाव चक्क बर्क फिरंगी. राजा किताब उघडतो, त्याला कळतं की आपल्या सरदाराजवळ बसलेली गाणारी बाई म्हणजे अमर आहे. तो घाईघाईने निरोप पाठवतो. निरोप पोचेपर्यंत सरदाराचं डोकं धडावेगळं झालेलं असतं. जादूगार मेला की अंधार होतो, वादळ सुटतं आणि आकाशातून आवाज येतो, मला मारलं हो, माझं नाव अमुक जादू होतं. दर काही पानांनी हे असं होतं आणि तरी कंटाळा येत नाही.

इथल्या बायकाही बघण्यासारख्या आहेत. अफरासियाबच्या बाजूने सरसर नावाची एक तलवारबाज अय्यारा आहे आणि तिच्या मैत्रिणी आहेत, अमरच्या टोळीतल्या प्रत्येकाला एकेक जोडीदारीण भेटावी अशा बेताने. अमरचा जीव सरसरवर जडलेला. पण ती त्याला फसवते, तो तिला फसवतो. प्रेमही कुरघोडीतून चालतं. पळणं, वेष पालटणं, बेशुद्ध करणं यात बायका पुरुषांच्या तसूभरही मागे नाहीत.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. या दास्तानीत ‘काफिर’ हा शब्द पानोपानी येतो, हरलेले जादूगार कलमा पढून हमजाच्या बाजूला येतात, आणि न येणाऱ्यांचं काय होतं ते वर सांगितलंच. आजच्या कानांना ते टोचतं. माझ्याही टोचतं. पण हे शत्रू कोणत्याही खऱ्या धर्माचे लोक नाहीत. त्यांचे देव सामरी आणि जमशेद. त्यांच्याहून बहारदार म्हणजे लका, स्वतःला खुदा म्हणवणारा एक थोराड इसम, जो हमजापुढून सारखा पळत असतो. प्रत्येक पराभवानंतर तो गंभीर चेहऱ्याने जाहीर करतो, की हे माझ्याच मर्जीने झालं, मीच तसं नशीब लिहिलं होतं. असे खुदा आपण टीव्हीवर रोज बघतो. दास्तानीची खरी चेष्टा अशा लोकांशी आहे, आणि हे तिच्या श्रोत्यांना ठाऊक होतं.

नाहीतर ती टिकली कशी असती? अकबराला ही कथा इतकी आवडायची की त्याच्या पदरी दरबारखान नावाचा खास दास्तानगो होता. त्याने सुमारे १५६२ ते १५७७ या काळात हमजानामा चितारून घेतला, कापडावरची चौदाशेच्या आसपास मोठी चित्रं. इराणातून आलेले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद कारखान्याचे प्रमुख, आणि हाताखाली रंगवणाऱ्यांत दसवंत, बसावन यांच्यासारखे इथले हिंदू चित्रकार. आज त्यातली दोनशेदेखील उरलेली नाहीत. १८८१ मध्ये लंडनच्या संग्रहालयाचा एक अधिकारी श्रीनगरमध्ये आला, तेव्हा त्याला यातली काही चित्रं थंडी अडवायला खिडक्यांवर लावलेली सापडली. अमरने बघितलं असतं तर खिडकीसकट जंबीलमध्ये घातली असती.

पुढे हीच दास्तान छापली कोणी? लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांनी. १८५८ मध्ये, म्हणजे शहर अजून बंडाच्या राखेत असताना, या हिंदू गृहस्थांनी छापखाना काढला. तिथे कुराण छापलं जायचं, गीता छापली जायची आणि अमरच्या लबाड्याही छापल्या जायच्या. होशरुबाचा पहिला खंड १८८३ मध्ये आला, लेखक मुहम्मद हुसैन जाह. पुढचं काम अहमद हुसैन कमर यांनी नेलं. सगळी दास्तान मिळून शेचाळीस खंड, चाळीस हजारांवर पानं! त्याच्याही आधी दिल्लीत गालिबला अमीर हमजाच्या दास्तानीचं एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं, तेव्हा स्वारीने दोस्ताला खुशीत पत्र लिहिलं होतं. त्या पत्रात पुस्तकाबरोबर आणखी सतरा कशाच्या तरी बाटल्यांचा उल्लेख आहे, पण रमजानचं पान आहे, तो तपशील इथे नको.

ऐकणाऱ्यांना सगळ्यात जास्त काय हवं असायचं? दास्तानीची चार अंगं सांगतात: रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी. लढाई, मैफल, जादू आणि लबाडी. आणि कसबी दास्तानगो ओळखला जायचा तो गोष्ट पुढे नेण्यावरून नव्हे, अडवून धरण्यावरून. लखनौकडचा एक किस्सा सांगतात. एका दास्तानगोने गोष्ट अशा ठिकाणी आणली की प्रियकर आणि प्रेयसी यांच्यात फक्त एक पडदा उरला, आणि मग कितीतरी दिवस तो पडदा त्याने उचलूच दिला नाही. रोज नवीन वर्णन. आमच्या नानीला हे कसब कोणी शिकवलं नव्हतं, पण आलं होतं.

मग ऐकणारे कमी झाले. नाटक आलं, बायस्कोप आला. दिल्लीचे मीर बाकर अली हे शेवटचे मोठे दास्तानगो. किरकोळ देहाचा माणूस, पण बादशहाचं वर्णन करताना बादशहा वाटायचा आणि म्हातारीचं करताना तोंडात दात नाहीत असं वाटायचं. उतारवयात त्यांच्यावर सुपारी विकायची पाळी आली. घरी दास्तान सांगायचे, ऐकायला चार पैसे घ्यायचे. १९२८ मध्ये ते गेले आणि त्यांच्याबरोबर ती कला गेली असं सगळ्यांनी धरून चाललं.

शम्सुर्रहमान फारुकी या अलाहाबादच्या विद्वानाने मात्र तसं धरलं नाही. टपाल खात्यात नोकरी करत, जुन्या बाजारांतून आणि ग्रंथालयांतून हुडकत, त्यांनी ते शेचाळीसच्या शेचाळीस खंड जमवले आणि वाचून काढले. त्यांच्या पुतण्याने, महमूद फारुकी यांनी, २००५ मध्ये दिल्लीत पांढरा अंगरखा घालून, बैठकीवर लोड-तक्के मांडून ही कला पुन्हा रंगमंचावर आणली. सुरुवात अर्थात अमर अय्यारच्या लबाड्यांनी. तिकीट काढून आलेल्या, उर्दूचा एक शब्द न वाचता येणाऱ्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्याच बैठकीवर महाभारतातल्या कर्णाची दास्तान झाली, फारसी-उर्दूतल्या जुन्या महाभारतांचा धागा धरून. शम्सुर्रहमान साहेब २०२०च्या डिसेंबरात गेले, पण त्यांनी ते बघितलं.

आता आमच्या घरात सहरीला गजर मोबाइलवर वाजतो. माझी आठ वर्षांची भाची परवा विचारत होती, त्या झोळीत मोबाइल टाकला तर आत रेंज येते का? मी म्हटलं, अमरने टाकला असेल तर मोबाइल परत मिळायचा नाही, रेंजचं कुठे घेऊन बसलीस. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, मग मामा, तुझा टाकू या.